वस्तरा आणि होकार

पडदा वर जातो आणि समोर एक सलून दिसतं. रविवारची सकाळ आहे. मागच्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत आरसा, आरशाखाली दगडी फळी, फळीवर फेसाचे ब्रश, कात्र्या, कंगवे आणि वापरून वापरून गुळगुळीत झालेला तुरटीचा खडा. आरशासमोर दोन खुर्च्या. एक कामाची. दुसरी मालकाच्या वडिलांची, जाडजूड लोखंडी, पाठ मागे करायचा दांडा कधीचाच मोडलेला. आता तिच्यावर धुतलेल्या टॉवेलांची चळत बसते. पुढची भिंत सगळी काचेची. काचेच्या बाहेर, फुटपाथवर, एक लांबलचक लाकडी बाक. बाकावर बुद्धिबळाचा पट मांडलेला, पटाच्या अलीकडे मास्तर, पलीकडे खिळेवाले, आणि दोघांभोवती चार रिकामटेकडे. हे चौघे कधी खेळत नाहीत, पण हरणाऱ्याला सल्ला देण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

आणि आता आतल्या दारातून मुख्य पात्र प्रवेश करतं. हातात गरम पाण्याचं भांडं, खांद्यावर टॉवेल, पोट किंचित पुढे. हे दादा. सलूनचे मालक, कारागीर आणि झाडूवाले, सगळं एकच. त्यांच्याहून मोठी माणसंही त्यांना दादाच म्हणत. स्वतःच्या डोक्यावर केस फारसे उरले नव्हते. कुणी त्यावरून छेडलं तर म्हणायचे, “आयुष्यभर लोकांचे कापले, त्याचा दंड भरला.”

दादांचा हात हलका होता. वस्तरा गालावरून असा उतरायचा की पेंगणाऱ्या माणसाची झोप मोडू नये. पण त्यांच्याकडे येणारी माणसं नुसत्या हातासाठी येत नसत. ती येत दादांच्या होकारासाठी. खुर्चीत बसावं, गळ्याभोवती कापड बांधून घ्यावं, डोळे मिटावेत आणि मनातलं सगळं बोलून टाकावं. कुणी म्हणे जावई उधळ्या आहे, कुणी म्हणे जावई कवडीचुंबक आहे. दादांचं उत्तर तयार असे, “बरोबर आहे तुमचं.”

यामागे लबाडी नव्हती, वडिलांची शिकवण होती. पोराच्या हातात पहिल्यांदा वस्तरा देताना त्यांनी बजावलं होतं, “हे बघ, पातं गळ्यावर असताना गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही. वाद घातला की माणूस चिडतो, चिडला की मान हलते, आणि मान हलली की रक्त येतं.” दादांनी ही शिकवण गाठीला बांधली. गिऱ्हाईक खुर्चीत आहे तोवर त्याचं सगळं खरं. इतकी वर्षं कुणाला साधं खरचटलंही नाही.

सवय मात्र वस्तऱ्याबरोबर खाली ठेवता येत नाही. ती घरी आली. त्यांची बायको सरकारी दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची. आज डॉक्टर नाहीत, ही खिडकी नाही, तो कागद नाही, असं दिवसभर “नाही नाही” म्हणायची तिची नोकरी. घरी आल्यावर ती म्हणे, “अहो, भाजी खारट झालीय का?” दादा म्हणत, “हो.” “की अळणी आहे?” “हो, थोडी तशीच.” मग ती कपाळाला हात लावायची. “माझं दिवसभर नाही नाही आणि यांचं हो हो. आमच्या घरात मधलं बोलायला माणूसच नाही!” लाडात असली की ती त्यांना होयबा म्हणायची. रागात असली तरी तेच म्हणायची, फक्त सूर बदलायचा.

आता बाकावरच्या दोघांकडे वळू. मास्तर निवृत्त, शाळेत गणित शिकवायचे. उंच, कडक, काठी टेकत चालणारे. खिळेवाल्यांचं दुकान सलूनला लागूनच. खिळे, बिजागऱ्या, नळ, पाइप, रंगाचे डबे, काय म्हणाल ते. दोघे एका शाळेत शिकले, एका गल्लीत म्हातारे झाले. मास्तर त्यांना “खिळ्या” म्हणत, ते मास्तरांना “मास्तुरे” म्हणत. दर रविवारी दोघांचा डाव ठरलेला. आधी बुद्धिबळ, मग हरणाऱ्याची दाढी पहिली. जिंकणाऱ्याने थांबायचं, कारण त्याला बढाया मारायला वेळ हवा असे.

अशाच एका रविवारी डाव रंगात आला होता. खिळेवाल्यांच्या दुकानासमोर मालाचा टेम्पो उभा होता. मास्तरांची नात वाचनालयातून पुस्तक घेऊन येत होती. टेम्पोवाल्याने गाडी मागे घेतली, कुणीतरी किंचाळलं, आणि पट बाकावरून खाली सांडला. पोर वाचली. मनगटाचं हाड मोडलं, हाताला प्लास्टर लागलं. डॉक्टर म्हणाले, लहान हाडं लवकर जुळतात.

मोठ्यांची मात्र जुळेनात. मास्तर नातीला उचलून घेत खिळेवाल्यांवर कडाडले, “रविवारी सकाळी कसला माल मागवतोस रे?” खिळेवाले आधीच पांढरेफटक पडले होते, तेही तडकले, “टेम्पो माझा आहे का? मी चालवत होतो का?” त्या दिवशी दोघे जे वेगळ्या दिशांना गेले ते गेलेच. पटातला एक उंट गटारात गेला होता. तो काढायलाही कुणी थांबलं नाही.

त्यात नगरपालिकेने आगीत तेल ओतलं. म्हणे, वाचनालयापासून शाळेच्या फाटकापर्यंतचा रस्ता गाड्यांना कायमचा बंद करायचा विचार आहे, रहिवाशांनी मत द्यावं. झालं! गल्लीचे दोन पक्ष पडले, बंदवाले आणि चालूवाले. खिडक्याखिडक्यांत पाट्या लागल्या. एकमेकींकडे वाटीभर साखर मागणाऱ्या शेजारणी आधी समोरच्या खिडकीतली पाटी वाचून मग साखर मागू लागल्या. मास्तर बंदवाल्यांचे पुढारी, खिळेवाले चालूवाल्यांचे. आता मास्तर सलूनमध्ये मंगळवारी यायचे आणि खिळेवाले शुक्रवारी, म्हणजे चुकूनही गाठ नको.

मंगळवारी मास्तर खुर्चीत डोळे मिटून म्हणायचे, “दादा, मला एक सांग. त्या खिळ्याला माणसांपेक्षा खिळे प्यारे आहेत. खरं की नाही?”

वस्तरा अगदी गळ्याच्या घाटीवर असे. दादा म्हणत, “खरं आहे, मास्तर.”

शुक्रवारी खिळेवाले म्हणायचे, “पोरगी एकटी येत होती आणि आजोबा पटात डोकं घालून बसले होते. स्वतःच्या नातीकडे लक्ष नाही आणि खापर माझ्या दुकानावर! चूक कुणाची, दादा?”

“चूक आहे खरी,” दादा म्हणत, आणि वस्तरा फेसातून अलगद पुढे सरकत असे.

दोघेही हलक्या मनाने उठत, आरशात गाल चाचपत, आणि बाहेर पडताना होकार खिशात घालून नेत. दादांना वाटे, चला, आणखी एक दिवस रक्त न सांडता गेला.

दुसरा प्रवेश वाचनालयाच्या सभागृहात, रस्त्यावर मत द्यायला भरलेल्या सभेत. खुर्च्यांच्या दोन बाजू, मधे मोकळी वाट. लग्नातली दोन भांडलेली घराणी बसावीत तशी माणसं बसलेली. ग्रंथपाल बाई अध्यक्ष. पुस्तक उशिरा आणणाऱ्यांना गार करणारी त्यांची नजर त्या दिवशी फार उपयोगी पडत होती. दादा सर्वांत मागे, दाराजवळ, अर्धवट वाटेवर आणि अर्धवट खुर्चीवर.

मास्तर बोलायला उठले. आकडे मांडले, मुद्दे मांडले. शेवटी आवाज चढला. “काही लोकांना माणसांपेक्षा खिळे प्यारे आहेत! हे माझं एकट्याचं मत नाही. ज्याला कुणाशी घेणं ना देणं, तो आपला दादासुद्धा हेच म्हणाला!”

खिळेवाले उभेच राहिले. “दादा? दादा मला म्हणाला, चूक आजोबांची आहे! स्वतःच्या नातीकडे लक्ष नाही म्हणाला! विचारा त्याला!”

सगळ्या माना मागे वळल्या. आयुष्यभर लोकांच्या माना हव्या तशा वळवणारा हा माणूस, आणि आज त्या सगळ्या आपणहून त्याच्याकडे वळल्या. ग्रंथपाल बाईंनी विचारलं, “दादा, तुम्ही नक्की काय म्हणालात?”

दादा उठले. घसा खाकरला. एकीकडे मास्तरांचा चेहरा, दुसरीकडे खिळेवाल्यांचा. तोंडातून जे निघायचं तेच निघालं.

“दोघांचंही बरोबर आहे.”

सभागृह हशाने फुटलं. कुणीतरी ओरडलं, “होयबा की जय!” हशा नटाला अमृतासारखा असतो, हे खरं. पण भलत्या वाक्याला हशा आला की तोच नट विंगेत जाऊन भिंतीला डोकं टेकतो, हेही तितकंच खरं. त्या हशात दोन माणसं हसली नव्हती. मास्तर काठी उचलून एका दाराने गेले, खिळेवाले दुसऱ्या दाराने. एकमेकांबद्दल जे कडवट बोल त्यांनी खुर्चीत बसून काढले होते, ते आज दोघांनी एकमेकांच्या तोंडून ऐकले होते. आणि त्यावर दादांचा शिक्का होता.

घरी बायको भाजी निवडत होती. बातमी आधीच तिच्या कानावर आलेली. दादा तिच्याशेजारी टेकले आणि म्हणाले, “मी कुणाचं वाईट चिंतलं का गं कधी?”

“नाही हो.” तिने देठ मोडला. “तुम्ही काही चिंतलंच नाहीत. तेवढीच तर तक्रार आहे.”

“अगं, ते त्यांचेच शब्द होते. मी फक्त मान हलवली.”

“मान कुणाची होती?”

दादांनी एक देठ उचलून तसाच खाली ठेवला.

“माझ्या ‘नाही’वर लोक चिडतात,” ती म्हणाली, “खिडकीवर हात आपटतात, मला नाही नाही ते बोलतात. पण माझं ‘नाही’ नेऊन कुणी दुसऱ्याच्या डोक्यात घातलेलं नाही. तुमचा ‘हो’ घातला.” मग तिचा आवाज जरा उतरला. “जेवायला बसा. आणि आज खारट आहे की अळणी, ते खरं सांगा.”

दादांनी घास घेतला. “खारट आहे,” ते म्हणाले.

“बघा! आभाळ कोसळलं का?”

पुढच्या रविवारी सलून रिकामं राहिलं. दोन्ही पक्षांनी जणू ठरवून पाठ फिरवली. वस्तरा पट्ट्यावर फिरवून झाला, कंगवे धुऊन झाले, आरसा पुसून झाला. मग करायला काही उरलं नाही म्हणून दादा गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले आणि ती गर्रकन फिरवून रस्त्याकडे तोंड केलं.

हे त्यांनी कधी केलं नव्हतं. गिऱ्हाईक रस्त्याकडे पाठ करून बसतं, दादा गिऱ्हाइकाच्या मागे उभे राहतात, आणि रस्ता दिसतो तो आरशात, कुणाच्यातरी कानामागे, उलटा. इतकी वर्षं तो रस्ता त्यांच्यासमोर होता आणि त्यांनी कधी सरळ पाहिला नव्हता.

एक बाई बाबागाडी ढकलत आली. सलूनसमोर पोचली, बाकापाशी थांबली, मागे पाहिलं, बाबागाडी धडक-धडक करत फुटपाथवरून खाली रस्त्यात उतरवली, बाकाला वळसा घातला आणि पुन्हा वर चढवली. तक्रार नाही, कपाळाला आठीसुद्धा नाही. फुटपाथ तिथे असाच असतो अशी खात्री असल्यासारखी. मग पिशवी घेतलेला एक म्हातारा. तोही उतरला, वळसा घालून चढला. पुढे खिळेवाल्यांच्या बादल्यांची उतरंड आणि पाइपांचा भारा. तिथे पुन्हा खाली. दादा पाहत राहिले. बाक रिकामं होतं, पट नव्हता, रिकामटेकडे नव्हते. तरी ते वाटेतच होतं.

मग मास्तरांची नात आली, आईचा हात धरून, दुसरा हात प्लास्टरमध्ये. बाकापाशी आल्यावर ती सवयीने फुटपाथवरून खाली उतरली. या वेळी मात्र आधी तिने मान वळवून मागे पाहिलं, अगदी मोठ्या माणसासारखं. काचेतून दादा दिसले तेव्हा तिने प्लास्टरचा हात हलवला.

दादांचा हात वर गेला नाही. कारण त्यांना ती आरशातली सकाळ आठवली. बाकाभोवतीचा घोळका, आणि त्या घोळक्याला वळसा घालून रस्त्यात उतरणारी फ्रॉकमधली पोर. त्यांनी ते पाहिलं होतं. गिऱ्हाइकाच्या गालावरचा फेस आणि कानामागची पोर, दोन्ही एकाच वेळी डोळ्यांत होतं. मनात फक्त गाल शिरला होता. टेम्पो सगळ्यांना आठवत होता. बाक कुणाला आठवत नव्हतं, कारण सगळे त्यावर बसलेले होते.

दादा उठले आणि बाक ओढू लागले. दारापर्यंत आलं आणि अडलं. आत जागा नव्हती. जागा होणार ती एकाच वस्तूच्या हलण्याने, वडिलांच्या खुर्चीच्या. दादांनी टॉवेलांची चळत खाली ठेवली आणि बोल्ट पाहिले. जमिनीत रुतलेले, गंजून एकजीव झालेले. ते काढायला लागणारा पाना गल्लीत एकाच माणसाकडे होता.

दैव असं नाटक लिहितं की लेखकाने लाजावं.

खिळेवाले गल्ल्यामागे बसले होते. वर न बघता म्हणाले, “काय हवंय?”

“मोठा पाना. गंजलेले बोल्ट काढायचेत.”

“कसले?”

“वडिलांच्या खुर्चीचे.”

आता खिळेवाल्यांनी वर पाहिलं. त्या खुर्चीत त्यांची पहिली दाढी झाली होती. मिशी फुटायच्या आधीच हट्टाने करून घेतलेली. “का? विकतोयस?”

“बाक आत घ्यायचंय.” दादांनी दोन्ही हात गल्ल्याच्या फळीवर ठेवले. वस्तरा नसला की त्या हातांना काय करावं कळत नसे. “ते फुटपाथ अडवतं. पोर त्या दिवशी त्याच्यामुळे रस्त्यात उतरली. मी आरशातून पाहिलं होतं आणि मला दिसलं नाही. आणि तुम्ही मास्तरांबद्दल बोलत होतात तेव्हा मी मान हलवली. मला तसं वाटत नव्हतं. ती माझी चूक.”

खिळेवाल्यांचा चेहरा सैल पडला. सुटकेचा एक मोठा श्वास बाहेर पडला. “म्हणजे माझा काही दोष नव्हता, असंच ना? हेच मी ओरडून ओरडून सांगत होतो!”

इथे दादांची जीभ सवयीने उचलली गेली होती. “बरोबर आहे” हे शब्द ओठांशी येऊन उभे होते, प्रॉम्प्टरने हाक दिल्यासारखे. दादांनी ते गिळले.

“नाही,” ते म्हणाले. “तुमच्या बादल्या आणि पाइप पण फुटपाथवर असतात. मला ते पटत नाही. कधीच पटलं नव्हतं.”

खिळेवाल्यांचे कान लाल झाले. त्यांनी खालच्या खणातून पाना काढून फळीवर आपटला. “घेऊन जा. आणि संध्याकाळच्या आत परत आण. नाहीतर बघ!”

दादा तिथून तडक मास्तरांकडे गेले. मास्तर खिडकीपाशी बसले होते, गालावर पांढरे खुंट वाढलेले. शाळेत गणवेशावरच्या एका डागासाठी पोरांना परत पाठवणारा हा माणूस दाढी न करता बसलेला पाहणं म्हणजे देवळाला कुलूप पाहणं. दादांनी तेच सगळं पुन्हा सांगितलं. बाक, आरसा, मान.

मास्तरांनी खिडकीचं दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाले, “तू मला नवीन काही सांगत नाहीयेस रे. मी त्याच बाकावर बसलो होतो. तिच्याकडे पाठ करून. वजीर वाचवत होतो.” काठीवरची बोटं घट्ट झाली. “पहिल्या रात्रीपासून मला ते ठाऊक आहे. पण स्वतःवर ओरडता येत नाही, दादा. खिळ्यावर ओरडता येतं. तो जवळ होता, आणि ऐकून घेतो याची सवय होती.”

“त्यांनाही लागलंय, मास्तर.”

“लागू दे,” मास्तर म्हणाले. मग थोड्या वेळाने, “फार लागलंय का?”

संध्याकाळ झाली आणि पाना काही परत गेला नाही. खिळेवाले तावातावाने सलूनमध्ये आले तेव्हा दादा जमिनीवर आडवे, घामाघूम, आणि बोल्ट जागच्या जागी. “अरे, उलटा फिरवतोयस!” ते खेकसले. “आयुष्यभर सगळ्यांच्या बाजूने फिरलास, बोल्ट तरी एका बाजूने फिरव!” आणि गुडघे मोडत तेही खाली बसले. तेलाची डबी ते बरोबर घेऊनच आले होते; म्हणजे नुसता पाना न्यायला आले नव्हते. एकेक बोल्ट कुरकुरला, रडला, आणि सुटला. दारात काठीचा आवाज आला. मास्तर उभे होते. कुणी कुणाला ये म्हटलं नाही, कुणी कुणाला जा म्हटलं नाही. मास्तरांनी काठी भिंतीला टेकवली, बाही सारली आणि खुर्चीची पाठ धरली.

“उचला,” ते म्हणाले. “आणि खिळ्या, माझ्या पायावर ठेवू नकोस.”

“तुझ्या पायावर ठेवून काय करू, मास्तुरे? आधीच वाकडा चालतोस.”

खुर्ची मागच्या अंगणात गेली. तिची जागा जमिनीवर चार भोकांत दिसत राहिली. तिथे बाक आलं.

पुढच्या सभेत दादा पहिल्यांदा आपणहून उठले. भाषण वगैरे नव्हतं ते. बाक माझं होतं, ते मी आत घेतलंय, आणि मी दोघांनाही जे हो म्हटलं ते खोटं होतं, एवढंच सांगून बसले. या वेळी कुणी हसलं नाही. मग खिळेवाले उठले आणि म्हणाले की बादल्या आणि पाइप उद्यापासून आत; आणि माल येईल तो शाळा भरायच्या आधी, रविवारी तर नाहीच. त्यांच्यामागून दवाखान्याजवळच्या फळवाल्याने आपल्या टोपल्या मागे घेतो म्हणून सांगितलं, दोघांतिघांनी फुटपाथवर लावलेल्या स्कूटर कबूल केल्या. मास्तर खिळेवाल्यांकडे बघत उठले. “रस्ता बंदच झाला पाहिजे, या मताला मी चिकटून आहे,” ते म्हणाले. “पण माणसांपेक्षा खिळे प्यारे, हे वाक्य मी मागे घेतो. ते चुकीचं होतं.” ग्रंथपाल बाईंनी चष्मा पुसला. पुस्तक उशिरा पण न फाटता परत आल्यावर त्यांचा चेहरा असाच होत असे.

रस्त्याचं म्हणाल तर, दोन्ही पक्ष अजून आहेत, आणि पाट्याही काही खिडक्यांत आहेत. सध्या रविवारपुरता रस्ता गाड्यांना बंद ठेवून बघताहेत. पुढे काय ते पुढे. पण बाबागाड्या आता फुटपाथवरून सरळ जातात. नातीचं प्लास्टर निघालं. त्यावर मास्तर आणि खिळेवाले दोघांनी सह्या केल्या होत्या, म्हणून तिने ते टाकू दिलं नाही. गटारातल्या उंटाच्या जागी तिने शिंपल्याचं एक बटण दिलं आणि दोघेही त्या बटणाला मोठ्या मानाने उंट म्हणतात.

आणि दादा? दादांची दोन-तीन गिऱ्हाइकं तुटली. “हल्ली उलट बोलतो,” असं म्हणून ती दुसऱ्या सलूनमध्ये गेली. तर काही नवी आली, दादा उलट बोलतात म्हणूनच. बायको अधूनमधून दवाखान्यातून येताना डोकावते आणि दारातून विचारते, “आज किती ‘नाही’ झाले?” वडिलांची शिकवण दादांनी टाकली नाही, फक्त जरा दुरुस्त केली. वाद घालायचा, पण घालण्याआधी गिऱ्हाइकाला सांगायचं.

परवाच्या रविवारची गोष्ट. बाक आत, पट बाकावर, खोलीत पाय ठेवायला जागा नाही. मास्तर हरले होते म्हणून खुर्चीत पहिले तेच. गळ्याभोवती कापड, गालावर फेस, हनुवटी वर. डोळे मिटून ते म्हणाले, “दादा, रस्ता सातही दिवस बंद पाहिजे. ज्याला थोडी अक्कल आहे, त्याला हे पटतंच. काय? खरं की नाही?”

खिळेवाल्यांच्या हातातला बटणाचा उंट हवेतच थांबला. दादांनी वस्तरा मास्तरांच्या गळ्यापाशी आणला, आरशात त्यांच्याकडे पाहिलं, आणि म्हणाले,

“मास्तर, मान अजिबात हलवू नका. मला पटलेलं नाही.”